झँडर की काय?

दर रविवारी सकाळी दहा ते एक मी आमच्या वधूवर सूचक मंडळात बसते. अकरा वर्षं झाली. पगार नाही, चहा मिळतो. पूर्वी फॉर्म फायलीला लावायचे, आता कॉम्प्युटरवर चढवायचे. नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, शिक्षण, पॅकेज आणि सगळ्यात शेवटी ‘अपेक्षा’. या रकान्यात मुली ‘निर्व्यसनी, समजूतदार’ लिहितात, मुलगे ‘अनुरूप’ एवढं लिहून मोकळे होतात, आणि मुलींचे वडील मागाहून पेन मागून घेऊन ‘स्वतःचा फ्लॅट’ घालतात. एखादं स्थळ नाकारलं गेलं की त्याचं कारणही नोंदवावं लागतं. तिथे टिचकी मारली की यादी उघडते: पत्रिका, शिक्षण, उंची, गाव, इतर.

हे सगळं सांगायचं कारण एक पुस्तक. मे महिन्यात भाची राहायला आली होती, जाताना ते उशीखाली विसरली. कव्हरवर भल्यामोठ्या बुडबुड्यात अडकलेली, हिरव्या झग्यातली मुलगी. ‘मॅच्ड’, लेखिका अ‍ॅली काँडी, साल 2010. मी मराठी माध्यमातली. इंग्रजी कादंबरी वाचते, पण जिना चढल्यासारखी, मध्ये मध्ये थांबत. ही मात्र दोन दिवसांत संपली. पहिल्याच प्रकरणात 17 वर्षांची कॅशिया नटूनथटून एका समारंभाला निघालेली असते. तिथे पडद्यावर तिला तिचा जोडीदार दाखवणार असतात. ‘सोसायटी’ म्हणवणाऱ्या सरकारने प्रत्येकाची इत्थंभूत माहिती गोळा करून, आकडेमोड करून जोड्या लावलेल्या आहेत. आमचंच मंडळ, म्हटलं. फक्त हॉल चांगला आहे.

चार दिवसांनी भाचीचा फोन. “मावशी, वाचलंस? मग तुझा कोण? झँडर की काय?”

मी म्हटलं, “हो, झँडरच.”

“का पण? काय किती गोड आहे!”

“काय गोड आहे?”

“काय गं! काय!”

असं बराच वेळ चाललं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या मुलाचं नाव इंग्रजीत के आणि वाय या दोनच अक्षरांचं आहे. पुस्तकभर मी ते मनात ‘की’ असं वाचत होते.

भाचीच्या भाषेत हे ‘वायए’, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट. आपल्याकडे कुमारांसाठीची पुस्तकं आहेत, पण त्यातली मुलं किल्ले चढतात, चोर पकडतात, फार तर बहिणीसाठी भांडतात. प्रेमात पडायला त्यांना सवड नसते. अमेरिकेत मात्र 2008 ते 2013 या काळात 16-17 वर्षांच्या मुलीने भविष्यातल्या एखाद्या जुलमी राज्यात प्रेमात पडावं अशी टूमच निघाली होती. पावसाळाभर भाची मला एकेक पुस्तक पाठवत गेली आणि मी वाचत गेले. ती अकरावी सायन्सला आहे. क्लास, टेस्ट, पर्सेंटाइल आणि पुन्हा टेस्ट. तिला ही पुस्तकं का आवडतात हे मला तिने सांगावं लागलं नाही.

पण आधी ‘मॅच्ड’बद्दल, कारण मी अजून त्यातच आहे.

मला सगळ्यात आवडलं ते हे की इथली यंत्रणा चक्क चालते. कॅशियाचे आईवडील अशाच जुळवणीतून एकत्र आलेले, आणि त्यांचं एकमेकांवर खरंखुरं प्रेम आहे. तिला मिळालेला झँडर देखणा, हुशार, शिवाय बालपणीचा मित्र. असं स्थळ आमच्याकडे आलं तर रविवार संपायच्या आत पाचसात बापांचे फोन यायचे. घरी येऊन ती आपल्या जोडीदाराची माहिती असलेलं कार्ड लावून बघते, तर झँडरचा चेहरा येतो आणि क्षणभर दुसराच एक चेहरा चमकून जातो. तो काय. बापाच्या अपराधामुळे जोडीदार मिळण्याचा हक्कच नसलेला मुलगा. गोष्ट तिथून सुरू होते.

यातली खुबी अशी की कॅशियाला मिळालेलं उत्तर चुकीचं नाही. ते उत्तर आहे म्हणून तिला प्रश्न पडतो. आमच्याकडे वर्णाचा 1, वश्याचे 2, तारेचे 3, योनीचे 4, ग्रहमैत्रीचे 5, गणाचे 6, राशिकूटाचे 7 आणि नाडीचे 8 अशी बेरीज होऊन 36 गुण होतात, 18 च्या वर गेले की स्थळ पुढे सरकतं. एकनाड आली की ते 8 गेले. भाची म्हणाली, हा तर अल्गोरिदम झाला. झालाच. आणि 31 गुण जमलेली, सगळं पसंत असलेली मुलगी एकदम ‘नको’ म्हणते तेव्हा तिच्या आईचा चेहरा जसा होतो, तसाच चेहरा मला कॅशियाच्या अधिकारीबाईचा दिसला. चिडलेला नव्हे. गोंधळलेला. बाई, तक्रार काय आहे?

आणखी एक गोष्ट जी मला आतपर्यंत लागली. कॅशियाचं कामच मुळी वर्गवारीचं आहे. आकडे बघायचे, गट पाडायचे. ती त्यात तरबेज असते, तिला त्याचा अभिमान असतो. मग एक दिवस तिला एका कारखान्यातल्या कामगारांची वर्गवारी करायला नेतात आणि समोर काय काम करत असतो. आता आकड्यांना हात आहेत, त्या हातांवर भाजल्याच्या खुणा आहेत. मी चष्मा काढून ठेवला थोडा वेळ. आपण करतो ते इतकं वाईट नाही, हे मी स्वतःला सांगितलं. आमच्याकडे कुणावर सक्ती नाही. आमच्या फॉर्मवर पहिला रकाना पोटजातीचा आहे, एवढंच. काँडीबाईंच्या सोसायटीला हा रकाना सुचला नाही. बाकी सगळं मोजणारं ते यंत्र आपल्याकडच्या एखाद्या खेडवळ काकापेक्षा या बाबतीत भोळंच म्हणायचं. आपल्याकडे त्या रकान्याबाहेर प्रेम केलं म्हणून मुलामुलींचे जीव गेले आहेत, आणि त्यासाठी कुठलं भविष्य कल्पावं लागलं नाही.

प्रेम कसं होतं ते मात्र पुस्तकात फार सुंदर आहे. त्या जगात हाताने लिहिणं संपलेलं आहे. सगळे टंकतात. लिहिता येतं ते फक्त कायला, कारण तो दूरच्या प्रांतातून आलेला. टेकडीवर तो काडीने मातीत अक्षरं काढून तिला शिकवतो. धुळाक्षरं! माझ्या आजोबांनी पाटीच्या आधी राखेत ‘श्रीगणेशा’ गिरवला होता, त्याची आठवण झाली. सरकारने राखून ठेवलेल्या 100 कवितांच्या बाहेरची एक कविता कॅशियाच्या आजोबांनी तिला चोरून दिलेली असते, ती जपायची तर लिहिता आलं पाहिजे. म्हणजे प्रेम, अक्षर आणि राजद्रोह तिन्ही एकाच काडीने मातीत उमटतात.

या प्रकारच्या पुस्तकांकडे बघायची कसोटी मला इथेच मिळाली. यंत्र काढून घ्यायचं आणि बघायचं, प्रेमकथा तशीच उभी राहते का? राहिली तर ते विज्ञान नुसतं नेपथ्य, तारकांचा पडदा. ‘मॅच्ड’मधून यंत्र काढलं तर त्या टेकडीवरच्या अक्षरांना काही अर्थ राहत नाही.

‘हंगर गेम्स’ (2008) या कसोटीला सगळ्यात कडक उतरतं. सुझान कॉलिन्सना ही कल्पना टीव्हीचे चॅनेल बदलताना सुचली. इकडे रिअ‍ॅलिटी शो, तिकडे इराकच्या युद्धाची दृश्यं. गोष्टीत सरकार मुलामुलींना मरेपर्यंत एकमेकांशी लढवतं आणि तो खेळ सगळ्या देशाला टीव्हीवर दाखवतं, त्यामुळे तिथलं प्रेम पहिल्यापासून कॅमेऱ्यासमोरचं आहे. त्या खेळात उतरवलेला पीटा मुलाखतीत सगळ्या देशासमोर सांगून टाकतो की माझं कॅटनिसवर, म्हणजे सोबत आलेल्या नायिकेवर, प्रेम आहे, आणि तिला कळत नाही हे खरं की डाव. पुढे गुहेत तो तापाने फणफणलेला असताना ती त्याचं चुंबन घेते, आणि आकाशातून गरम रश्शाचं भांडं उतरतं. प्रेक्षक खूश, प्रायोजक खूश. जेवायचं असेल तर प्रेम दाखव. मी हे वाचताना मालिकांचा विचार करत होते, भाची तिच्या मैत्रिणींच्या रीलचा.

पण खरी कमाल तिसऱ्या भागात. शत्रू पीटाला पकडतात आणि एका विषारी माशीचं विष टोचून त्याच्या आठवणी बिघडवतात. कॅटनिसची प्रत्येक आठवण आता त्याला भीतीची वाटते. सुटून आल्यावर तो एकेक आठवण तिच्यापुढे ठेवून विचारतो: हे खरं की खोटं? प्रेमात प्रत्येकाने मनातल्या मनात हाच प्रश्न विचारलेला असतो, पण तो असा मोठ्याने, औषधाच्या डोसासारखा रोज विचारायला विज्ञानकथाच लागते. साध्या प्रेमकथेत तो रडका वाटला असता.

आणि गेल. कॅटनिसच्या मनातला दुसरा मुलगा, शिकारीतला जोडीदार. तो बाद होतो तो कमी देखणा आहे म्हणून नव्हे. त्याने एका बाँबची कल्पना काढलेली असते: पहिला स्फोट झाला की मदतीला लोक धावतात, मग दुसरा. तशाच बाँबमध्ये कॅटनिसची धाकटी बहीण जाते. बाँब त्याचाच होता का, हे त्यालाही ठाऊक नाही. पण आता तिला त्याच्याकडे बघताना ते आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन मुलांतून एक निवडण्याचा हा प्रश्न शस्त्राच्या रचनेवर येऊन सुटतो. आणि या पुस्तकाचे चाहते ‘टीम पीटा’, ‘टीम गेल’ असे बिल्ले लावून फिरले! त्यात चाहत्यांचाही दोष म्हणवत नाही. विकणाऱ्यांनी विकलंच तसं.

इथे या प्रकाराचा मोठा दोष येतो. दोन मुलं ठेवायची हे एकदा बाजारात चाललं म्हटल्यावर प्रत्येक राज्यक्रांतीत दोन मुलं आली. एक उजळ, जुना, भरवशाचा; एक अबोल, जखमी, डोळ्यांत काहीतरी असलेला. वाचकाने यातला एक निवडायचा, म्हणजे आपण निवडलं असं समाधान. जग उलथायचं की नाही हा प्रश्न हळूच ‘झँडर की काय’ इतका लहान होतो. अ‍ॅली काँडीही पुढच्या दोन भागांत यातून सुटल्या नाहीत. तिसऱ्या भागात तर साथ येते, औषध शोधणं येतं, आणि मला सारखं वाटत राहिलं की ती टेकडी कुठे गेली.

तिसऱ्या भागांचं एकूणच काहीतरी दुखणं आहे. ‘डायव्हर्जंट’ (2011) वेरोनिका रॉथ यांनी कॉलेजात असताना लिहायला घेतलं. शिकागो शहर, माणसांचे 5 गट, 16 व्या वर्षी चाचणी आणि मग आयुष्यभराचा गट. भाचीचं हे लाडकं पुस्तक, आणि चाचणी या शब्दाने तिच्या पोटात गोळा येतो म्हणून ते लाडकं, असं माझं मत. सुरुवातीला ते घट्ट आहे. पण असे गट कुणी आणि का पाडले, हे तिसऱ्या भागात सांगायची वेळ आली तेव्हा जनुकं शुद्ध आणि बिघडलेली, असा काहीतरी खुलासा समोर आला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, तरी मला तो गिळवला नाही; अकरावीतल्या मुलीने तर जीवशास्त्राचं पुस्तकच उघडून दाखवलं. यंत्र काढून बघायची कसोटी इथे लावली की नायिका ट्रिस आणि फोर नावाचा मुलगा यांची प्रेमकथा जशीच्या तशी उरते. कुठल्याही क्रीडासंकुलात घडली असती. शेवटी ट्रिस मरते आणि 2013 साली तिच्या चाहत्यांनी आकांत केला, तो मात्र मला समजतो. सिनेमावाल्यांचं तर तिसऱ्याच चित्रपटानंतर, 2016 मध्ये बळ संपलं. ठरलेला चौथा आलाच नाही.

‘डिलिरियम’ (2011) मधली कल्पना ऐकूनच मी टाळी दिली होती. प्रेम हा आजार ठरलेला आहे. 18 वर्षं पुरी झाली की मेंदूवर शस्त्रक्रिया, मग मंजूर मुलांच्या यादीतून लग्न. लेना दिवस मोजते आहे, पण आनंदाने. कधी एकदा बरी होते असं तिला झालंय. आपल्या मुली परीक्षा, नोकरी, ‘एकदाचं लग्न’ अशा रांगेत उभ्या असतात तेव्हा असंच मोजतात. लेनाच्या आईवर ही शस्त्रक्रिया तीनदा करूनही लागू पडली नाही, म्हणून ती मुलीला जवळ घेत असे, तिच्यासोबत नाचत असे. इथे प्रेम म्हणजे केवळ मुलगा-मुलगी नाही, हे लॉरेन ऑलिव्हर दाखवतात आणि पुस्तक एकदम खोल जातं. मग अ‍ॅलेक्स येतो. त्याचे केस पानगळीच्या रंगाचे आहेत. त्यानंतर आई बराच वेळ दिसत नाही.

एक पुस्तक मला फार अस्वस्थ करून गेलं. बेथ रेविस यांचं ‘अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स’, तेही 2011 चं. 300 वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान, त्यात बर्फात गोठवून ठेवलेली एमी. ती ठरल्यापेक्षा 50 वर्षं आधी जागी होते. आईवडील अजून बर्फात. यानावर पिढ्यानपिढ्या जगणारी माणसं, त्यांच्या पाण्यात गुंगीचं औषध, समागमाचासुद्धा ठरावीक हंगाम. विज्ञान म्हणून हे सगळं चोख वाटतं: बंद डब्यात माणसं टिकवायची तर कोण काय करील, याचा लेखिकेने विचार केलाय. त्या यानाचा भावी पुढारी एल्डर एमीच्या प्रेमात पडतो. आणि शेवटी कळतं की तिला जागं करणारा तोच. ती आवडली, तिच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून.

म्हणजे त्याने तिची 50 वर्षं घेतली. हाही यादीतून मुलगी उचलणंच झालं, आणि इथे मुलगी झोपलेली होती. एमी रागावते, हे खरं. पण गोष्टीचा कल पहिल्यापासून त्याला क्षमा करण्याकडे आहे, कारण नायकाचा सच्चेपणा पानापानांतून आपल्याला दिसत आलेला असतो. या पुस्तकांतले मुलगे फार पहारा देतात. मुलीला न सांगता तिच्यासाठी ठरवतात, तिच्या भल्यासाठी लपवतात, आणि हे सगळं प्रेम म्हणून खपतं. सरकारने केलं की तो जुलूम. भाचीला मी हे म्हटलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: “ओके, एल्डर क्रीपी आहे.” मी लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवला.

‘सिंडर’ (2012) हलकंफुलकं आहे, मला आवडलं. सिंड्रेला इथे मेकॅनिक आणि अर्धी यंत्र. तिच्या लोखंडी पायाचं माप लहान पडतंय, कारण ती वाढली आणि पाय वाढला नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांवर बूट नाही, पाऊलच निसटतं. राजपुत्राला आपलं हे अंग दिसू नये म्हणून तिची जी धडपड चाललेली असते, ती ज्या कुणाच्या पायाला, पाठीला, कातडीला काही होतं त्या सगळ्या मुलींना ओळखीची वाटेल. राजपुत्राचं नाव? काय. या लेखिकांचं हे काय आहे, मला खरंच कळत नाही.

आपल्याकडे काय झालं, असं भाचीने विचारलं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. पण मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांत प्रेम बहुधा प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून बाहेर थांबलेलं असे. ही खंत आहे, कारण विरह आपल्याला जितका येतो तितका कुणाला येत नाही. विराण्या आपल्याकडे, ओव्या आपल्याकडे, बोटीवर गेलेल्या खलाशाची वाट पाहणाऱ्या बायका आपल्या कोकणात. भाचीने कागदावर गणित करून दाखवलं: प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाने यान गेलं, तर त्यातल्या माणसाचं 1 वर्ष होतं तेव्हा पृथ्वीवर 10 सरतात. तो 18 चा 20 होऊन परत येईल तेव्हा ती 38 ची असेल. मग काय बोलतील दोघं? तिने पाठवलेल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. तारे खूप, अंतर जवळजवळ नाही. 17 वर्षांच्या मुलांना थांबायला लावणं प्रकाशकांना जमत नसावं.

शेवटचं पुस्तक तिने पाठवलं नाही, मी शोधलं. एम. टी. अँडरसनचं ‘फीड’, 2002 चं. या सगळ्या लाटेच्या आधीचं. माणसांच्या मेंदूतच इंटरनेट आणि जाहिराती बसवलेल्या. टायटस नावाचा मुलगा चंद्रावर सहलीला जातो, तिथे व्हायोलेट भेटते. तिला हे यंत्र उशिरा, सातव्या वर्षी बसवलेलं, घरी पैसे नव्हते म्हणून. ती मुद्दाम वाटेल त्या वस्तू बघून, काहीच विकत न घेऊन आपली ग्राहक म्हणूनची ओळख गोंधळवून टाकते. तिला वाटतं ही गंमत आहे, बंड आहे. मग यंत्र बिघडतं, शरीर एकेक करून बंद पडू लागतं, आणि दुरुस्तीसाठी मदत मागितल्यावर कंपनी कळवते की तुमच्या आवडीनिवडीचा नीट अंदाज येत नाही, तेव्हा आम्हाला रस नाही.

आणि टायटस? टायटस पळ काढतो. तिने आपल्या आठवणी त्याच्याकडे पाठवलेल्या असतात, तो त्या न बघता पुसून टाकतो. कारण कंटाळा येतो, भीती वाटते, दुसरी मुलगी असते. ही या प्रकारातली मला माहीत असलेली सगळ्यात खरी प्रेमकथा, आणि हिच्या नायकाचे बिल्ले कुणी लावणार नाही. बाकीच्या पुस्तकांत सरकार वाईट असतं आणि मुलगा चांगला. इथे मुलगा त्याच दुकानातला माल आहे. भाचीला अजून दिलेलं नाही. तिच्या परीक्षा झाल्या की देईन. की त्याआधीच द्यावं, याचा विचार चाललाय.

गेल्या रविवारी मंडळात एक मुलगी आली होती, आईबरोबर. मुलगा पुण्याचा, 31 गुण, दोनदा भेटून झालेलं, दोन्ही घरची पसंती. मुलीने नाही म्हटलं होतं आणि आई कारण लिहून द्यायला आली होती. “पत्रिका लिहा,” आई म्हणाली. पत्रिका मीच जुळवली होती. “मग उंची लिहा.” मुलगा पाच फूट दहा.

मी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या गणपतीकडे बघत होती. “काही नाही ओ मावशी,” ती म्हणाली. “तो चांगला आहे.”

मी ‘इतर’वर टिचकी मारली. पुढे एक रिकामी चौकट उघडते, तिथे तपशील भरायचा असतो. ती तशीच ठेवून मी पुढचा फॉर्म घेतला.